हात कोणाच्या हाती द्यायचा?

प्रिय ताई,

माझं वय 56. आम्ही फलटणला राहतो. मी घरून डबे देते, रोजचे चौदा. नागपंचमीच्या आदल्या दिवशी मोरीत पाय घसरला आणि उजव्या हातावर पडले. मनगटाचं हाड मोडलं. ऑपरेशन लागलं नाही, सहा आठवडे प्लास्टर होतं. ते काढून तीन आठवडे झाले, पण मूठ वळत नाही. भाकरी सोडाच, कणीकसुद्धा मळता येत नाही. डबे सध्या सून सांभाळते.

डॉक्टर म्हणाले, हाड जुळलंय, आता फिजिओथेरपी करा. इथे एक सेंटर आहे, पंधरा सिटिंगचे तीन हजार. सात-आठ जणांना एकदम घेतात, मशीन लावतात, वीस मिनिटांनी बेल वाजली की काढतात. रोजचे रोज दोनशे देऊन चार दिवस गेले, फरक नाही. दुसऱ्या एक मॅडम आहेत, त्या एका वेळी एकालाच घेतात, पाऊण तास. पण एका वेळचे सहाशे. मुलगा म्हणतो, मोबाइलवर सगळे व्यायाम फुकट आहेत. जाऊबाई म्हणतात, हाडवैद्याकडून चोळून घे, चार दिवसांत मोकळा होईल. घट बसलेत, दिवाळीच्या ऑर्डरी तोंडावर आल्यात. सहाशे रुपये देण्यात काही अर्थ आहे का?

ता.क. हात कधी लाल होतो, कधी निळसर. रात्री आग होते, घाम येतो. पदर लागला तरी सहन होत नाही. हे असं चालायचंच ना?

— एक वाचक भगिनी

ताई,

उत्तर ता.क.पासून सुरू करते. नाही, हे असं चालायचं नाही.

प्लास्टर काढलेला हात आखडलेला असतो, थोडा सुजलेला असतो, कातडी कोरडी पडलेली असते, हलवला की कळ येते. एवढंच असतं तर मी म्हटलं असतं, दम धरा. पण रंग बदलणं, आग, घाम आणि कापडाचा स्पर्शही नकोसा होणं हे सगळं एकाच हातात एकत्र दिसलं की आम्ही फिजिओथेरपिस्ट कान टवकारतो. कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम, तोंडी भाषेत सीआरपीएस, नावाचं एक दुखणं आहे. मनगटाच्या फ्रॅक्चरनंतर ते काही जणांना होतं, आणि त्यात बायकांचं प्रमाण जास्त. हाड जुळतं, पण मज्जासंस्थेने वाजवलेली धोक्याची घंटा बंदच होत नाही. साधा पदरसुद्धा मग निखाऱ्यासारखा लागतो. घरच्यांना वाटतं, बाई जरा जास्तच करतेय. तसं कोणी म्हणालं असेल तर त्यांना हे वाचायला द्या.

पत्रावरून मी निदान करत नाही, करूही नये. पण याच आठवड्यात तुमच्या हाडाच्या डॉक्टरांकडे परत जा आणि ता.क.मध्ये लिहिलंय ते त्याच शब्दांत सांगा. हे दुखणं लवकर हाती लागलं तर बहुतेकदा आटोक्यात येतं. अंगावर काढलं तर बोटं कायमची आखडू शकतात. आणि डॉक्टर बघेपर्यंत जाऊबाईंना माझा नमस्कार सांगा, पण चोळून घेऊ नका. अशा हाताला जोर लावून चोळणं म्हणजे भडकलेल्या चुलीत आणखी लाकडं सारणं.

आता तुमचा मूळ प्रश्न, सहाशे रुपयांचा. त्याचं अर्धं उत्तर तुम्हीच दिलंय. पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही शेवटी, पैसे, दिवाळी, जाऊबाई सगळं लिहून झाल्यावर, जाता जाता लिहिलीत. माणसं तशीच सांगतात, त्यात तुमची चूक नाही. पेशंट दारापर्यंत जातो, चपला घालतो आणि मग म्हणतो, "हां, आणखी एक..." ते "आणखी एक" ऐकायला समोर कोणीतरी लागतं. चार दिवस तुम्ही सेंटरला गेलात, चार वेळा बेल वाजली. त्या हाताचा रंग कोणी विचारला का?

हे मी दुसऱ्यांकडे बोट दाखवून लिहीत नाही. माझी पहिली नोकरी अशाच एका हॉलमध्ये होती. नऊ खाटा, मधे पडदे, आणि मी एकटी. याचं मशीन लाव, त्याचं काढ, तिसऱ्याला "पाय वर करा" सांग, तोवर पहिल्याची बेल. एक शिंपीकाका यायचे, तुमच्यासारखंच मनगट. दहा-अकरा दिवस झाल्यावर म्हणाले, "मॅडम, शर्टाची बाही लागली तरी आग होते हो." मी म्हटलं, उद्या बघू. दुसऱ्या दिवशी दोन नवे पेशंट आले. नीट बघायला मला आणखी चार दिवस लागले. काकांची बोटं पुढे पुष्कळ सुधारली, पण पूर्ण मिटली नाहीत. कात्री धरता यायची, सुई नाही. त्यांनी मला कधी बोल लावला नाही. कुणीतरी आधी बघायला हवं होतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. मला होतं.

म्हणून मशीनबद्दल थोडं. मशीन वाईट नसतं. शेकाने स्नायू सैल पडतात, रक्त खेळतं. करंटने दुखणं काही वेळ दबतं. मेणाचा शेक 50 ते 55 अंशांवर देतात, त्याने आखडलेली बोटं छान मऊ होतात, मी स्वतःही देते. (हाताला बधिरपणा असेल तर कोणताही शेक सांभाळून. चटका कळत नाही.) पण शेक म्हणजे तवा तापवणं झालं, ताई. तवा तापवून बेल वाजली म्हणून गॅस बंद केला तर ताटात भाकरी कुठून येणार? शेकानंतरची जी वीस-पंचवीस मिनिटं असतात, हात मऊ असतो, दुखणं दबलेलं असतं, तीच कामाची. तुम्ही त्या वेळी रिक्षात होतात.

त्या पाऊण तासात काय व्हायला हवं ते सांगते, म्हणजे सहाशे कशाचे ते कळेल.

पहिल्या दिवशी मॅडमनी तुमची बाही खांद्यापर्यंत वर करायला हवी. मनगट मोडलेल्या बाईचा खांदा का बघायचा? कारण सहा आठवडे हात झोळीत होता, आणि झोळीतला खांदा गुपचूप आखडतो. साखर असेल तर जास्तच. मनगट सुटलं आणि अंबाडा घालायला हात वर जाईना, असं मी किती जणींचं पाहिलंय. मग डावा हात शेजारी ठेवून तुलना. मग कोनमापकाने मोजमाप: मनगट वर किती जातं, खाली किती, आणि तळहात आभाळाकडे किती वळतो. हे आकडे कागदावर लिहायला हवेत. रोजच्या बहुतेक कामांना मनगट वर-खाली साधारण 40 अंश पुरतं, म्हणजे सगळं पूर्ववत झाल्याशिवाय काही करताच येणार नाही अशी भीती नको. तळहात वळणं मात्र फार अडतं, आणि सुरुवातीला ते लक्षातही येत नाही. देवळात तीर्थ घ्यायला हात पुढे करून बघा. कोपर अंगाला चिकटलेलं ठेवा, खांदा न झुकवता पळीभर पाणी तळहातावर राहतंय का? सुटे पैसे घेताना हीच अडचण येते.

आता तुमची मूठ. "मूठ वळत नाही" हे एक वाक्य, पण त्याची कारणं तीन-चार असतात, आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा. मॅडम तुमचं एक बोट धरून हलकेच मिटवतील. त्यांच्या हाताने मिटलं पण तुमचं तुम्हाला मिटवता आलं नाही, तर सांधा मोकळा आहे, बोट ओढणारी शीर (रक्ताची नव्हे, स्नायूची दोरी) कुठेतरी चिकटली आहे किंवा स्नायूत जोर नाही. त्यांच्याही हाताने मिटलं नाही, तर सांधाच आखडलाय, किंवा सूज आडवी येतेय. मनगटाची स्थिती बदलली की बोटांचा कोन बदलतो का, हे पाहिलं की आणखी एक गाठ सुटते. या तपासणीला दोन मिनिटं लागतात आणि एक पैशाचं यंत्र लागत नाही. पण ती करायला दुसऱ्या माणसाचे हात लागतात, आणि ती दोन मिनिटं त्याच्या डोक्यात शेजारच्या खाटेची बेल वाजून चालत नाही.

मुलाच्या मोबाइलचं उत्तरही यातच आलं. व्हिडिओतली मुलगी व्यायाम बरोबर करते, तिचा हात धडधाकट असतो. तुमचं कोणतं बोट कशाने अडलंय हे तिला दिसत नाही. मूठ मिटवताना तुम्ही नकळत कोपर उचलता, खांदा पुढे नेता, तेही दिसत नाही. एकदा मॅडमनी नेमके व्यायाम ठरवून दिले की मग मुलाला कामाला लावा. तुम्ही व्यायाम करताना त्याने व्हिडिओ काढायचा आणि पुढच्या भेटीला मॅडमना दाखवायचा.

आणखी दोन गोष्टी मॅडमनी विचारायला हव्यात. नाही विचारल्या तर तुम्ही सांगा. रात्री अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांना मुंग्या येतात का? मनगटातून जाणारी एक नस दबली की असं होतं. आणि हात टेबलावर पालथा ठेवून अंगठा वर उचलता येतो का? मनगट मोडल्यावर काही आठवड्यांनी अंगठ्याची शीर झिजून अचानक तुटल्याची उदाहरणं आम्हाला माहीत आहेत, आणि गंमत म्हणजे हाड फारसं सरकलेलं नसतानाच हे जास्त दिसतं. काल उचलला जाणारा अंगठा आज लुळा पडला तर व्यायाम थांबवून सरळ डॉक्टरांकडे.

आता माझ्याच व्यवसायातल्या काहींना रुचणार नाही ते लिहिते. तुम्हाला सहाशेची पंधरा सिटिंग नकोत. मनगटाच्या साध्या, गुंतागुंत नसलेल्या फ्रॅक्चरमध्ये नीट शिकवून घरी दिलेला व्यायाम आणि सेंटरला येऊन केलेला व्यायाम यांत फारसा फरक पडत नाही, असं दाखवणारे अभ्यास आहेत. मला ते पटतात. पण "नीट शिकवून" या दोन शब्दांतच सगळं आलं, आणि तेच घाऊक भावात मिळत नाही. तीन हजारांत पंधरा वेळा मशीन येतं, किंवा पाच वेळा पाऊण-पाऊण तास एक माणूस येतो. मी पाच वेळाच घेईन. पहिल्या आठवड्यात दोन, मग आठवड्याला एक, शेवटची भेट पंधरा दिवसांनी. मधल्या दिवसांत मजुरी तुमची. सीआरपीएस निघाला तर मात्र हा हिशोब विसरा, तेव्हा भेटी वाढतील आणि त्या वाढू द्या. मधल्या काही भेटी व्हिडिओ कॉलवर होतात का तेही विचारा. व्यायाम तपासायला तेवढं पुरतं, पहिली तपासणी मात्र समोरच व्हायला हवी.

आणि एका वेळी एकच पेशंट घेणारे सगळे चांगले, असंही नाही. मशीन लावून मॅडम मोबाइल बघत बसल्या, तर तुमचे चारशे रुपये जास्त गेले इतकंच. दुसऱ्या भेटीला कळतं. "कसं आहे?" एवढंच विचारून मागचेच व्यायाम चालू केले तर समजा काय ते. "घरी काय केलंत, करून दाखवा" असं म्हणून, पुन्हा मोजून, निदान एक तरी व्यायाम बदलला, तर माणूस तुमच्याकडे बघतोय. पदवी आणि महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार (म्हणजे फिजिओथेरपी) परिषदेची नोंदणी विचारायला लाजू नका. सेंटरमधल्या फिजिओंवरही राग नको. आठ खाटा सांभाळणाऱ्या त्या मुलीला वेगळं गाठून "पंधरा मिनिटं फक्त माझा हात बघाल का?" म्हणून विचारलंत तर ती कदाचित आनंदाने बघेल. शिकली तेच आहे ती, करायला वेळ मिळत नाही.

सहाशेही जड जात असतील तर फिजिओथेरपी महाविद्यालयांच्या ओपीडीत जा. पुण्यात आहेत, कऱ्हाडला आहे. तिथे शिकाऊ मुलं असतात म्हणून लोक नाक मुरडतात. पण शिकाऊ मुलगी तुमच्या एका हातापाशी तासभर बसते, सगळं मोजते, वहीत लिहिते आणि मग सरांना दाखवते. असं लक्ष पैसे देऊनही मिळत नाही.

फलटणवरून आठवलं. तुमच्याकडे कमला निंबकर बालभवन ही शाळा आहे ना, त्या कमलाबाई जन्माने अमेरिकन, लग्नाने निंबकर. 1950 साली मुंबईत केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराचं देशातलं पहिलं शिक्षण त्यांनी सुरू केलं. व्यवसायोपचार म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी: माणसाचं जे काम अडलंय, तेच उपचाराचं साधन करायचं. पुण्या-मुंबईला जाणं झालं आणि हाताचं काम करणाऱ्या अशा कोणी भेटल्या, तर तुमच्या डब्यांच्या धंद्याला त्या फार उपयोगी. त्या तुम्हाला रबरी चेंडू देणार नाहीत, लाटणं देतील.

डॉक्टरांची आणि मॅडमची वेळ मिळेपर्यंत घरी एवढं करा. अंगठी अजून बोटात असेल तर आजच काढा, बांगड्याही डाव्या हातात घाला. बसताना हात उशीवर, छातीपेक्षा वर. झोळी बंद. बोटं सरळ, मग नुसती पेरं वाकवून आकडा, मग जमेल तेवढी मूठ, मग पसरून पंजा: प्रत्येक पाच-सात वेळा, दिवसातून सहा वेळा. एका बैठकीत तासभर करू नका. थोडं दुखेल. अर्ध्या तासात शमलं तर ठीक, दुसऱ्या दिवशी सूज वाढलेली दिसली तर जास्त झालं. स्पर्शासाठी मऊ सुती कापड, मग जरा खरखरीत पंचा, मग वाटीभर तांदळात बोटं फिरवणं. सहन होईल तिथवरच. हात लपवून ठेवू नका, साडीच्या घडीवरून फिरवा, कोथिंबीर निवडा, देवाची फुलं उचला.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत. उभ्या उभ्या घसरून पन्नाशीपुढच्या बाईचं मनगट मोडतं, तेव्हा हाडं ठिसूळ झाली आहेत का हे बघावंच लागतं. पुढचा नंबर खुब्याचा किंवा मणक्याचा लागू नये. हाडांच्या घनतेची डेक्सा नावाची तपासणी असते, डॉक्टरांना विचारा. आणि मोरीत खरखरीत फरशी किंवा रबरी पायपुसणं टाकून घ्या, हे मुलाला सांगा.

दिवाळीचं स्पष्ट सांगते: यंदा चकलीचा सोऱ्या तुमच्या हातात नको. दाबणं आणि पिळणं दोन्ही एकदम, याहून वाईट काम या मनगटाला सापडणार नाही. ऑर्डरी घ्या, चव तुमची, चाखणं तुमचं, सोऱ्या सुनेकडे किंवा मुलाकडे. लाडू वळायला हरकत नाही, रव्याचे, मऊ पाकाचे. मूठ मिटवण्याचा इतका गोड व्यायाम मला तरी दुसरा माहीत नाही.

भाकरी परत येईल, पण उलट्या क्रमाने. थापण्याच्या आधी मळणं येतं, असं आपल्याला वाटतं. मनगटाला मात्र मळणं जड. ज्वारीचं पीठ रगडताना तळहाताच्या टाचेवर अंगाचा भार येतो, तो सगळ्यात शेवटी. वजनकाटा ओट्यावर ठेवून तळहाताने दाबून बघण्याची एक युक्ती आहे. आज दोन किलोवर कळ आली तर आज तुमची हद्द दोन किलो, पुढच्या आठवड्यात तीन. सुरुवात केव्हा करायची आणि हद्द किती वाढवायची ते डॉक्टरांना विचारून मॅडम ठरवतील. जोर यायला महिने लागतात, वर्षभरही सुधारणा होत राहते. तोवर पीठ सुनेने मळून द्यावं, तुम्ही लहान, तळहाताएवढी भाकरी थापा. तव्यावर टाकताना हात उताणा वळतो का ते बघा, तीर्थाचीच परीक्षा आहे ती. बिडाचा तवा उचलायला मात्र डावा हात.